न्यायनिष्ठ रामशास्त्री

माहीमची खाडी ओलांडली की मुंबईच्या उपनगरांना आरंभ होतो. पश्चिमेच्या अंगास अंधेरी आणि बोरिवली, पूर्वेच्या अंगास घाटकोपर आणि मुलुंड. आज येथे उंच इमारतींची दाटी आहे. अडीचशे वर्षांपूर्वी येथे भाताची खाचरे, मिठागरे आणि लहान लहान गावे होती. या साऱ्या भूभागाला साष्टी म्हणत. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी, असे या नावाचे मूळ सांगतात. पोर्तुगिजांच्या ताब्यातील ही साष्टी मराठ्यांनी 1737 साली जिंकून घेतली. परंतु पुरी चाळीस वर्षे होण्याच्या आतच ती इंग्रजांच्या हाती गेली.

ती कशी गेली हे शोधू लागले म्हणजे आपण पुण्याच्या शनिवारवाड्यापाशी येऊन पोहोचतो. तेथे घडलेला एक खून, राज्याच्या लोभाने आंधळा झालेला एक शूर पुरुष आणि त्याला त्याच्या तोंडावर सत्य सांगणारा एक न्यायाधीश, अशी ती हकीकत आहे. त्या न्यायाधीशाचे नाव रामशास्त्री प्रभुणे.

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर माहुली नावाचे क्षेत्र आहे. तेथील एका गरीब ब्राह्मण कुटुंबात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रामचा जन्म झाला. लहानपणी त्याला विद्येचे वारे लागले नाही. घरची गरिबी होती म्हणून तो साताऱ्यास अनगळ नावाच्या सावकाराच्या घरी कामास राहिला. पाणी भरावे, पडेल ते काम करावे आणि दोन वेळचे जेवण मिळवावे, असा त्याचा दिनक्रम होता.

त्या काळची एक गोष्ट परंपरेने सांगत आले आहेत. एके दिवशी राम धन्याच्या पायांवर पाणी घालीत होता. धन्याच्या कानातील भिकबाळीच्या तेजस्वी मोत्यांकडे त्याची दृष्टी खिळली आणि पाण्याची धार भलतीकडेच पडू लागली. धनी संतापला. असे मोती विद्येच्या नाही तर पराक्रमाच्या बळावर मिळतात, पाणक्याने त्यांच्याकडे पाहून काय उपयोग, अशा अर्थाचे बोल त्याने रामला सुनावले. ते बोल रामच्या काळजाला झोंबले. त्याने चाकरी सोडली आणि विद्या मिळविण्यासाठी थेट काशीची वाट धरली. त्या काळी आगगाडी नव्हती. साताऱ्याहून काशीस जायचे म्हणजे महिनोन् महिने पायी चालावे लागे. बरोबरीची मुले ज्या वयात संसाराला लागत, त्या वयात हा तरुण धुळाक्षरे गिरवू लागला. अपार कष्ट करून त्याने धर्मशास्त्राचा सखोल अभ्यास केला आणि सावकाराच्या घरचा राम पंडित रामशास्त्री होऊन महाराष्ट्रात परतला.

सुमारे 1751 साली रामशास्त्री पुण्यास पेशव्यांच्या सेवेत दाखल झाले. पुढे 1759 साली मुख्य न्यायाधीशाची जागा रिकामी झाली, तेव्हा ती त्यांच्याकडे आली. त्यांनी त्या जागेसाठी कोणाची मनधरणी केली नव्हती. त्यांची विद्वत्ता आणि सचोटी पाहूनच त्यांना ती मिळाली.

त्या काळची न्यायाची रीत आजच्याहून वेगळी होती. गावचे तंटे बहुधा पंचांपुढे तुटत. तेथे समाधान न झाल्यास लोक वरच्या अधिकाऱ्यांकडे आणि शेवटी पुण्यास दाद मागत. वादी व प्रतिवादी यांची म्हणणी लिहून घेत, साक्षी काढीत, जुने कागद तपासीत आणि धर्मशास्त्र व रूढी पाहून निवाडपत्र करून देत. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावी आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावी, असा रिवाज होता. न्यायाधीशाला नेमणारा पेशवा आणि काढणाराही पेशवाच. ज्याच्या हाती सैन्य, खजिना आणि तुरुंग, त्याच्याच पदरी न्यायाधीश असे. अशा स्थितीत धन्याच्या मर्जीप्रमाणे निकाल देणे फार सोपे होते आणि मर्जीविरुद्ध निकाल देणे फार कठीण. त्याला अडविणारा कोणताही लेखी कायदा नव्हता. न्यायाधीशाची सदसद्विवेकबुद्धी हेच काय ते रयतेचे संरक्षण होते.

रामशास्त्र्यांनी ही बुद्धी निर्मळ राखली. त्यासाठी त्यांनी आपल्या गरजाच थोड्या ठेवल्या. एक दिवस पुरेल त्याहून अधिक धान्य घरात ठेवायचे नाही, असा त्यांचा नेम होता, असे इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. ज्याला काही हवे असते त्याला वाकविता येते. ज्याला काहीच नको त्याला कोण वाकविणार?

पेशवे दर वर्षी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. तिच्या वाटपाचे काम रामशास्त्र्यांकडे असे. एका वर्षी त्यांचे वडील बंधू दक्षिणेसाठी आले. शास्त्रीबोवांचे बंधू म्हणून त्यांना वीस रुपये द्यावेत, असे नाना फडणिसांनी सुचविले. रामशास्त्र्यांना ते पटले नाही. बंधूंच्या अंगी विशेष विद्वत्ता नाही, तेव्हा इतरांप्रमाणे त्यांनाही दोनच रुपये मिळावेत. भाऊ म्हणून जे द्यायचे ते आपण स्वतःच्या पदरचे देऊ, असे त्यांनी सांगितले आणि तसेच केले. सरकारचा पैसा आणि घरचा पैसा यांतील भेद त्यांनी असा कसोशीने पाळला.

पानिपतच्या दारुण पराभवानंतर 1761 साली सोळा वर्षांचे माधवराव पेशवे गादीवर आले. ते तेजस्वी, कष्टाळू आणि प्रजेची काळजी वाहणारे होते. तथापि ते जपजाप्यात अधिक वेळ घालवू लागले आहेत, असे रामशास्त्र्यांच्या ध्यानात आले. एकदा शास्त्रीबोवा कामासाठी वाड्यात गेले असता पेशवे ध्यानस्थ बसलेले दिसले. ते मुकाट्याने माघारी फिरले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीस जाण्यासाठी निरोप मागितला. माधवरावांनी आपल्या वर्तनाचे समर्थन करून पाहिले. तेव्हा रामशास्त्र्यांनी त्यांना समजाविले, की ब्राह्मणाने राज्याचा भार एकदा पत्करला म्हणजे रयतेचे पालन हाच त्याचा धर्म झाला. तो धर्म पाळायचा नसेल, तर राज्य सोडून आपल्याबरोबर गंगाकाठी चलावे आणि तेथे खुशाल जप करावा. धन्याला असे सुनावणे धोक्याचे होते. परंतु माधवराव थोर मनाचे होते. त्यांनी आपली चूक मान्य केली आणि रामशास्त्र्यांविषयीचा त्यांचा आदर दुणावला.

अशा राजाच्या कारकिर्दीत सरकारी अधिकाऱ्यांनाही वचक बसला. त्या काळी वेठबिगारीची वाईट चाल होती. अधिकारी वाटेल त्या गावकऱ्याला पकडीत, त्याच्या डोक्यावर ओझे देत आणि मजुरी न देता मैलोगणती चालवीत. माधवरावांनी या चालीला बंदी केली. साष्टीच्या शेजारीच असलेल्या वसईचा सुभेदार विसाजीपंत याने ती बंदी मोडून आपला माल बिगाऱ्यांच्या डोक्यावरून नेला. ही बातमी कळताच पेशव्यांनी तो माल जप्त केला आणि राबलेल्या लोकांना त्यांची मजुरी दिली, असे ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने नमूद केले आहे. गरिबाच्या श्रमावर सुभेदाराचीही सत्ता चालत नाही, हे त्यामुळे साऱ्या मुलुखाला समजले.

दुर्दैवाने माधवरावांना आयुष्य थोडे लाभले. क्षयाने जर्जर होऊन 1772 च्या नोव्हेंबर महिन्यात थेऊर येथे त्यांचा अंत झाला. त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. त्यांनी नुकतीच सतरा वर्षे ओलांडली होती. त्यांचे चुलते रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, हे नावाजलेले सेनापती होते. मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत नेणारे वीर म्हणून लोक त्यांचे कौतुक करीत. परंतु पेशवेपद आपणांस मिळावे ही लालसा त्यांच्या मनात घर करून बसली होती. त्या लालसेपायी त्यांनी माधवरावांशीही युद्ध केले होते आणि या वेळी ते शनिवारवाड्यात नजरकैदेत होते.

तारीख 30 ऑगस्ट 1773. गणेशोत्सवाचे दिवस होते. वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी नावाचे पगारी शिपाई असत. दुपारच्या वेळी सुमेरसिंग व इतर नायकांच्या हाताखालचे गारदी थकलेल्या पगाराचे निमित्त करून वाड्यात घुसले. भयभीत झालेले नारायणराव चुलत्याकडे धावले आणि त्यांना मिठी मारून जीवदान मागू लागले. परंतु गारद्यांनी त्यांना तेथेच ठार केले. धन्याला वाचविण्यासाठी मध्ये पडलेला चापाजी टिळेकर हा इमानी सेवकही मारला गेला.

साऱ्या पुण्यावर भीतीची छाया पसरली. साताऱ्याच्या छत्रपतींकडून रघुनाथरावांसाठी पेशवाईची वस्त्रे आली. ज्यांच्या मनात संशय होता त्यांनीही तोंडाला कुलूप घातले. नव्या पेशव्याला मुजरा करावा आणि आपली नोकरी, वतन व जीव सांभाळावा, असाच विचार बहुतेकांनी केला.

रामशास्त्री मात्र आपल्या कामाला लागले. खून झाला आहे, तेव्हा त्याची चौकशी झालीच पाहिजे. मारलेला मनुष्य पेशवा असो वा पाणक्या, आणि संशय कोणावरही असो, असा त्यांचा साधा न्याय होता. सुमारे दीड महिना त्यांनी बारकाईने तपास केला. त्यांच्या चौकशीचा रोख स्वतः रघुनाथरावांवर आला. नारायणरावांना धरावे, अशी गारद्यांना दिलेली चिठी रघुनाथरावांची होती, असे आढळले. त्या चिठीत धरावे या शब्दातील ध खोडून मा करण्यात आला आणि धरावे याचे मारावे झाले, असे लोक मानीत आले. ध चा मा करणे हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार त्यातूनच आला. हा बदल रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांनी केला, असेही लोक म्हणतात. परंतु तेवढी गोष्ट भक्कम पुराव्याने सिद्ध झालेली नाही.

आता रामशास्त्र्यांपुढे खरी कसोटीची घडी आली. आरोपी कोण? राज्याचा धनी. न्यायाधीश कोण? त्याच धन्याचा सेवक. मनात आणते तर रघुनाथरावांना एका खुणेसरशी त्यांना तुरुंगात टाकता आले असते. शास्त्रीबोवांपाशी एक शिपाईसुद्धा नव्हता. पुरावा अपुरा आहे असे म्हणून त्यांना मोकळे होता आले असते आणि त्याबद्दल कोणी त्यांना जाबही विचारला नसता. पण त्यांनी स्वतःलाच जाब विचारला. गरिबाला जो न्याय आपण रोज देतो, तो धन्याला लागू नसेल, तर आजवरच्या आपल्या निवाड्यांना काय अर्थ उरला?

परंपरा सांगते, की रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांची भेट घेऊन त्यांना त्यांचा दोष स्पष्ट शब्दांत सांगितला. रघुनाथरावांनी त्यावर प्रायश्चित्त विचारले. दानधर्म, तीर्थयात्रा किंवा जपतप असे काही शास्त्रीबोवा सांगतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले. या पापाला प्राणत्यागावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असा त्यांचा निर्णय होता. एवढ्यावर ते थांबले नाहीत. जोवर रघुनाथरावांच्या हाती राज्य आहे, तोवर आपण त्यांची चाकरी करणार नाही आणि पुण्यात पाऊलही टाकणार नाही, हे सांगून त्यांनी पद सोडले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन ते राहिले.

येथे कोणी विचारील, की याचा उपयोग काय झाला? रघुनाथरावांना शिक्षा भोगावी लागली नाही. ते पेशवे राहिलेच आणि गेले ते रामशास्त्रीच. ही शंका रास्त आहे. न्यायाधीशाच्या हाती सत्य सांगणे होते, ते अंमलात आणणे नव्हते. पण सत्ता केवळ तलवारीवर उभी नसते. लोक तिला न्याय्य मानतात म्हणून ती चालते. ज्याच्या शब्दाला सारा महाराष्ट्र प्रमाण मानीत होता, तो मनुष्य दरबार सोडून गेला, याचा अर्थ खेड्यापाड्यांतील माणसालाही उमगला. रघुनाथरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे होती. परंतु त्यांवरील रक्ताचा डाग पुसून टाकणारा शास्त्री त्यांना मिळाला नाही.

काही महिन्यांतच नाना फडणीस, सखारामबापू बोकील आदी कारभारी एकत्र आले. त्यांच्या या मंडळाला बारभाई म्हणतात. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुरंदर किल्ल्यावर 18 एप्रिल 1774 रोजी पुत्र झाला. तेच सवाई माधवराव. बारभाईंनी त्या तान्ह्या बालकाच्या नावाने कारभार चालविला आणि रामशास्त्र्यांना सन्मानाने परत बोलाविले. अन्यायाचे राज्य संपले हे पाहून रामशास्त्री पुण्यास आले आणि पुन्हा न्यायासनावर बसले.

एकाकी पडलेले रघुनाथराव गुजरातेकडे गेले आणि इंग्रजांशी संधान बांधू लागले. साष्टी बेटावर मुंबईकर इंग्रजांचा डोळा पूर्वीपासूनच होता. ही दुही पाहून त्यांनी 1774 च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला काबीज केला आणि साष्टी घेतली. पुढे मार्च 1775 मध्ये सुरत येथे झालेल्या तहात रघुनाथरावांनी लष्करी मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई इंग्रजांना देण्याचे कबूल केले. युद्ध जुंपले आणि थांबत थांबत ते 1782 पर्यंत चालले. त्या वर्षीच्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतची भूमी अशा रीतीने हातची गेली. पेशवेपदाची आशा संपलेले रघुनाथराव पुढच्याच वर्षी कोपरगावाकडे मरण पावले. आपल्या सत्तेला कोणतीच मर्यादा नको, असे ज्याला वाटते, तो शेवटी आपले राज्यच दुसऱ्याच्या पायाशी नेऊन ठेवतो, ही गोष्ट साष्टीच्या भूमीने अशी जवळून पाहिली आहे.

रामशास्त्री पुढेही अनेक वर्षे न्यायदान करीत राहिले. त्यांचे देहावसान 25 ऑक्टोबर 1789 रोजी झाले. त्यांनी मागे मोठी संपत्ती ठेवली नाही. परंतु महाराष्ट्रात निःस्पृह न्यायाधीशाला आजही रामशास्त्री बाण्याचा म्हणतात. मनुष्याच्या नावाचा असा गुणवाचक शब्द व्हावा, याहून मोठी दौलत ती कोणती?

काळ बदलला. 26 जानेवारी 1950 रोजी भारताचे संविधान अंमलात आले. सरकारने काय करावे आणि काय करू नये, हे त्यात लिहिलेले आहे. कायद्याने ठरविलेल्या रीतीवाचून कोणाचाही जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही, असे त्याचे वचन आहे. न्यायाधीशाने निर्भयपणे निकाल द्यावा म्हणून त्याच्या पदालाही संरक्षण दिलेले आहे. जुन्या साष्टीच्या भूमीवर अंधेरी, बोरिवली आणि मुलुंड येथे आज न्यायालये आहेत. आज फेरीवालाही न्यायालयात सरकारविरुद्ध दाद मागू शकतो. रामशास्त्र्यांच्या वेळी जे संरक्षण एका माणसाच्या अंतःकरणात होते, ते आज कागदावर उतरले आहे.

तरीही कागद आपण होऊन बोलत नाही. न्यायासनावर बसलेला मनुष्य, साक्ष देणारा मनुष्य आणि हुकूम पाळणारा शिपाई यांना आपापल्या मनाशी विचारावेच लागते, की हे योग्य आहे काय? आपल्यालाही तसे प्रसंग येतात. वर्गातील दांडगा मुलगा दुबळ्याला छळीत असता आपण खाली मान घालावी की खरे सांगावे, हा प्रश्न लहान दिसतो. पण त्याची जात तीच आहे. अशा वेळी वाईजवळच्या त्या खेड्याकडे चालत निघालेल्या वृद्धाची आठवण ठेवावी. त्याच्या पदरात त्या दिवशी अधिकार नव्हता, धन नव्हते. पण त्याच्या मनावर कोणाचीही सत्ता चालली नव्हती.